मायेलाची साक्ष



आमच्या अभ्यासवर्गात 'टू किल अ मॉकिंगबर्ड' हा जुना अमेरिकन सिनेमा दाखवायचं ठरलं, तेव्हा त्यावरून वाद होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सिनेमा संपला, चहा झाला, आणि समुपदेशन केंद्रात काम करणारी एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "हा सिनेमा आपण वस्तीत दाखवू नये. पोलीस ठाण्यात आपण रोज ऐकतो, 'बाई, हल्ली अशा खोट्या केसेस फार येतात.' आणि आपणच बलात्काराच्या खोट्या आरोपाची गोष्ट दाखवायची?"

तिचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नव्हता. अर्ध्याजणी तिच्या बाजूच्या, अर्ध्या विरुद्ध. त्या संध्याकाळी निर्णय झाला नाही. त्यानंतर आम्ही जो विचार केला, तो तुमच्यापुढे मांडत आहोत.

हार्पर ली यांची कादंबरी १९६० साली आली, तिला १९६१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९६२ मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी तिच्यावर सिनेमा काढला. गोष्ट घडते १९३० च्या दशकातल्या मंदीत, अलाबामा राज्यातल्या मेकम नावाच्या एका काल्पनिक गावात. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मायेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. त्याचं वकीलपत्र अॅटिकस फिंच घेतो. ही भूमिका ग्रेगरी पेक यांनी केली आणि त्यांना ऑस्कर मिळालं. मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे, म्हणजे मारणारा डावखुरा असणार. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. आणि मायेलाचा बाप डावखुरा. भर कोर्टात सगळ्यांना सगळं दिसतं. तरीही ज्यूरी टॉमला दोषी ठरवते, आणि पुढे तो पळताना गोळी लागून मरतो.

या सिनेमाबद्दल लिहिताना सगळे अॅटिकसबद्दल लिहितात. आपण जरा मायेलाकडे पाहू या.

एकोणीस वर्षांची मुलगी. आई नाही. बाप दारुडा. पाठच्या भावंडांचा सगळा भार तिच्यावर. गावाच्या कचऱ्याच्या ढिगाशेजारी घर. कादंबरीत त्या घराच्या कुंपणापाशी फुटक्या भांड्यांमध्ये लावलेली लाल जिरेनियमची झाडं आहेत. ती तिनं जपलेली आहेत असं गाव म्हणतं. कोर्टात वकील तिला अदबीनं 'मिस मायेला' म्हणतो, तर तिला वाटतं तो आपली टिंगल करतोय. आयुष्यात कुणी तिच्याशी आदरानं बोललेलंच नाही! भावंडांना आइस्क्रीमसाठी गावात धाडता यावं म्हणून ती वर्षभर एकेक नाणं साठवते, म्हणजे घर तेवढा वेळ रिकामं होईल. आणि मग येताजाता तिची कामं फुकट करून देणाऱ्या एकमेव माणसाला ती जवळ घेते. बाप खिडकीतून पाहतो. कादंबरीत टॉमच्या तोंडी एक वाक्य येतं, ज्यावरून बाप या मुलीशी काय करत असावा हे कळतं. सिनेमानं ते वाक्य गाळलं आहे.

म्हणजे या गोष्टीत मायेलाला मारहाण झाली आहे, हे खरं आहे. तिच्यावर अत्याचार झाला आहे, हेही बहुधा खरं आहे. खोटं आहे ते फक्त आरोपीचं नाव, आणि ते नाव बापानं दिलं आहे. शेरीफला बोलावायला तो गेला. डॉक्टरला मात्र कुणीच बोलावलं नाही, कारण मुलीला काय झालंय याची कुणाला फिकीर नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात ती बसते तेव्हा समोर बाप बसलेला असतो. खरं बोलली तर संध्याकाळी ती त्याच घरी जाणार. ज्यूरीत एकही बाई नाही. अलाबामात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा हक्क १९६६ पर्यंत नव्हता.

म्हणून ती निर्दोष ठरत नाही. तिच्या शब्दावर एका माणसाचा जीव गेला. तिच्या दुःखाची कीव करतानाच त्यासाठी दुसऱ्याचा जीव देता येणार नाही, असं अॅटिकसही ज्यूरीपुढे सांगतो. ते आपल्यालाही मान्य करावं लागेल. पीडित बाई दुसऱ्या पीडितावर अन्याय करू शकते. वर्ण आणि जात तिच्या हाती तेवढी सत्ता देतात, मग बाकी कसलीही सत्ता तिच्याकडे नसो.

ही निव्वळ कल्पित गोष्ट नाही. मार्च १९३१ मध्ये अलाबामातच एका मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवून अटक झाली. त्याच गाडीत कापड गिरणीत काम करणाऱ्या दोन गरीब गोऱ्या मुली होत्या. भटकेपणाच्या आरोपाखाली आपणच तुरुंगात जाऊ अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी बलात्काराचा आरोप केला. दोन आठवड्यांच्या आसपास स्कॉट्सबरो गावातल्या कोर्टानं नवांपैकी आठांना मृत्युदंड सुनावून टाकला! १९३३ मध्ये त्या दोघींपैकी रूबी बेट्स हिनं बचावपक्षाच्या बाजूनं उभं राहून सांगितलं की बलात्कार झालाच नव्हता. त्यानंतर ती त्या मुलांच्या आयांबरोबर मोर्च्यातही चालली. ज्यूरीनं तिचं ऐकलं नाही. खोटं बोलली तेव्हा तिचा शब्द प्रमाण होता, खरं बोलली तेव्हा ती विकली गेलेली बाई ठरली. शेवटच्या तिघांना अलाबामानं माफी दिली ती २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

याच्याशेजारी दुसरी घटना ठेवू या. सप्टेंबर १९४४, अलाबामातलंच अॅबव्हिल गाव. चर्चमधून घरी परतणाऱ्या रेसी टेलर या काळ्या तरुण आईला सहा गोऱ्यांनी बंदुकीच्या धाकानं पळवून तिच्यावर बलात्कार केला. गप्प राहण्याची धमकी असूनही तिनं तक्रार केली. चौकशीसाठी माँटगोमेरीहून ज्या कार्यकर्त्या आल्या त्या रोझा पार्क्स, बसमधल्या सत्याग्रहाच्या अकरा वर्षं आधी. दोनदा ग्रँड ज्यूरीपुढे प्रकरण गेलं, दोन्ही वेळा खटलाच भरला गेला नाही. राज्याच्या विधिमंडळानं २०११ मध्ये माफी मागितली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

अमेरिकेत १९३० नंतर बलात्काराच्या गुन्ह्यासाठी ४५५ जणांना देहदंड दिला गेला. त्यांतले ४०५ काळे होते. बायकांच्या अब्रूची एवढी चाड असलेल्या त्या न्यायव्यवस्थेला रेसी टेलरची अब्रू दिसली नाही. तेव्हा त्या कोर्टांनी बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला, असं म्हणणंच चूक आहे. त्यांनी गोऱ्या पुरुषांच्या मालकीवर विश्वास ठेवला.

हे सर्वांत आधी ओळखलं ते बायकांनीच. आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी १८९२ मध्ये लिहिलं की जमावानं काळ्यांना ठार मारण्यामागे बलात्काराचं कारण बहुतेकदा बनाव असतो. मेम्फिसमधलं त्यांचं वृत्तपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आलं, पण त्यांची लेखणी थांबली नाही. १९३० मध्ये जेसी डॅनियल एम्स यांनी दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांची संघटना उभी केली. 'आमच्या संरक्षणाच्या नावाखाली हे खून करू नका' हे तिचं म्हणणं होतं आणि त्यावर ४०,००० हून अधिक स्त्रियांनी सह्या केल्या. संघटना फक्त गोऱ्या बायकांचीच होती आणि एम्स यांचा केंद्रीय कायद्याला विरोध होता, या तिच्या मर्यादा. तरीही आपल्या नावानं चाललेली हिंसा नाकारणं, हे काम त्यांनी केलं.

सिनेमाच्याही मर्यादा आहेत. टॉमची बायको हेलन जवळजवळ मुकी आहे. घर सांभाळणाऱ्या कॅल्पर्नियाला खटल्याबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. काळी माणसं सज्जात उभी राहून गोऱ्या वकिलाला मान देतात. २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या लींच्या दुसऱ्या कादंबरीत तर म्हातारा अॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो. तारणहाराच्या भरवशावर राहू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता आपल्याकडे. आपल्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या प्रकरणांत एक प्रकार ओळखीचा झाला आहे. मुलगी खालच्या मानलेल्या जातीतल्या किंवा दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर निघून जाते. बाप-भाऊ तिला शोधून आणतात, आणि तिच्या सहीनं अपहरणाची, बलात्काराची तक्रार दाखल होते. जबाबाच्या वेळी बाप शेजारी बसलेला असतो. ही मायेलाच नव्हे काय? मथुरेचं प्रकरण आठवा. १९७२ मध्ये ती आदिवासी मुलगी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात गेली, ती मुळात तिच्या भावानं तिच्या प्रियकराच्या घरच्यांविरुद्ध पळवून नेल्याची तक्रार केली म्हणून. त्या ठाण्यात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. तिनं स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं ते १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. घरच्या पुरुषाची तक्रार पोलिसांनी लगेच घेतली, तिची मात्र कोर्टानं फेटाळली.

तेव्हा 'बायका खोट्या केसेस करतात' असं ठाण्यातला अंमलदार म्हणेल, त्याला आपण विचारू या: तक्रार लिहून कुणी दिली? जबाब घेताना खोलीत कोण होतं? तिला एकटीला बोलू दिलं का? वैद्यकीय तपासणी केली का? बाईवर विश्वास ठेवा, ही आपली मागणी कायम आहे. पण ती मागणी बाईचं ऐका, तिला भीती वाटणार नाही अशा जागी ऐका आणि नीट तपास करा, अशी आहे. तिच्या तोंडून वदवून घेतलेल्या नावावर डोळे मिटून फास आवळा, अशी कधीच नव्हती. आरोपी दलित, आदिवासी, मुसलमान असेल आणि गावचे सगळे प्रतिष्ठित एकाएकी बायकांच्या अब्रूसाठी रस्त्यावर उतरले असतील, तर आपण दुप्पट सावध राहिलं पाहिजे. आणि तक्रार करणारीच दलित असेल, तेव्हा ते कुठे होते हेही विचारलं पाहिजे.

सिनेमा वस्तीत दाखवायचा, असं अखेर ठरलं. विरोध करणाऱ्या त्या मैत्रिणीनंच चर्चा घ्यायचं कबूल केलं आहे, आणि चर्चेची सुरुवात ती अॅटिकसपासून नाही, मायेलापासून करणार आहे. तुमच्या गावात, तुमच्या केंद्रात अशी मायेला भेटली असेल, तर तिची ओळख पटणार नाही अशा बेतानं आम्हाला जरूर लिहा. आणि आमचं म्हणणं पटलं नसेल, तर तेही लिहा.

— संपादक मंडळ