ठाकुर्लीचं पत्र : दोन्ही हातांनी पाणी उचलणाऱ्या पोरी

ऊन तापायला लागलंय, विहिरींनी तळ गाठलाय, आणि पोरांच्या परीक्षा संपत आल्यात. म्हणजे आता दुपारच्या वेळी पोरं कुठं गेली म्हणून शोधायचं तर ती पाण्यातच सापडायची.

टपालात एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगी सातवीत आहे. पोरीनं कुठंतरी बायकांच्या पोहण्याच्या शर्यती पाहिल्या आणि आता "मला फुलपाखरासारखं पोहायचंय" असा ध्यास घेऊन बसलीय. यंदा रानात शेततळं झालंय. मुलगा त्यात खुशाल डुंबतो, मुलीला मात्र काठाला जायची बंदी. आजी म्हणते, पोरीच्या जातीला असलं झेपायचं नाही, खांदे पुरुषासारखे होतील, पुढं लग्नाला अडचण. पत्राच्या शेवटी बाई विचारते, "तुम्ही शहरात राहता, तुमचं मत काय?"

बाई, मी राहते ते ठाकुर्लीत. कल्याण आणि डोंबिवली यांच्या मधलं हे ठेसन. रेल्वेनं 1929 साली इथं वीजघर उभं केलं, त्या विजेवर गाड्या पळायच्या. ते बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. इथं पोहायचं म्हणजे पूर्वी चोळेगावचं तळं, नाहीतर पलीकडची उल्हास नदी. त्यात उड्या मारायच्या पोरांनी, आणि पोरींनी काठावर धुणं बडवायचं. तेव्हा शहर म्हणून फार काही वेगळं होतं असं समजू नका. आता डोंबिवलीला महापालिकेच्या क्रीडासंकुलात बांधीव तलाव झालाय. शेजारच्या नातीला सोबत म्हणून मी तिथं जाऊन बसायची, तिथंच हा फुलपाखराचा प्रकार पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. इंग्रजीत त्याला बटरफ्लाय म्हणतात.

आपली पोरं विहिरीत पोहतात तेव्हा एक हात पुढं, एक मागं, असं आळीपाळीनं पाणी ओढतात. यात तसं नाही. दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर काढायचे, पंखासारखे फेकायचे आणि एकदमच पाण्यात घालून मागं रेटायचं. पायही सुटे मारायचे नाहीत. दावं घातल्यासारखे जोडून, माशाच्या शेपटीसारखा फटका द्यायचा. छातीपासून पायाच्या बोटापर्यंत अंग लाटेसारखं हललं पाहिजे. भिंतीशी पोचलं की दोन्ही हात एकदम टेकले पाहिजेत, एक जरी मागं राहिला तरी शर्यतीतून बाद. दिसायला नाजूक, पण दम असा काढतं की विचारू नका. खळ्यात दोन्ही हातांनी भरलेलं पोतं उचलून टाकायचं, पुन्हा उचलायचं, आणि मध्ये श्वास घ्यायला डोकं फक्त पळभर वर. शेजारची नात पंधरा हात गेली आणि काठाला धरून खोकत बसली. शिकवणारे म्हणाले, हा प्रकार सगळ्यात शेवटी शिकवायचा.

ऑलिंपिकमध्ये ही शर्यत वेगळी म्हणून पहिल्यांदा झाली ती 1956 साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला. पुरुषांना 200 मीटर आणि बायकांना 100. निम्मंच का, ते त्या आजीबाईंना विचारलं तर त्या बरोबर सांगतील. बायकांना 200 मीटर मिळायला 1968 साल उजाडलं. पण मला सांगायचंय ते मेलबर्नला पहिली आलेल्या मुलीबद्दल. अमेरिकेची शेली मान. सहा वर्षांची असताना तिला पोलिओ झाला होता. आपल्या पिढीनं पोलिओ झालेली पोरं गावोगाव पाहिली आहेत, त्यामुळं त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. हातापायांत जोर यावा म्हणून घरच्यांनी तिला पाण्यात घातलं. त्याच हातापायांनी तिनं 1 मिनिट 11 सेकंदांत 100 मीटर कापलं आणि बायकांच्या या शर्यतीतलं ऑलिंपिकचं पहिलंवहिलं सुवर्णपदक घेतलं.

पुढं वेळ खाली खाली येत गेली. 2021 च्या जुलैत जपानमध्ये टोकियोला हीच शर्यत कॅनडाच्या मॅगी मॅकनीलनं जिंकली, ती 55.59 सेकंदांत. ही मुलगी जन्मली चीनमध्ये. त्या काळी तिथं घरटी एकच मूल असा सरकारी कायदा होता, आणि एकच ठेवायचं तर मुलगा ठेवावा असं पुष्कळ घरांत चालायचं. हिच्या घरी काय घडलं ते हिच्या जन्मदात्यांनाच ठाऊक. ही वर्षाची असताना कॅनडातल्या एका जोडप्यानं तिला दत्तक नेलं. आपल्याकडं सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुशी' नावाच्या अडीचशेच्या वर मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती, ते वाचलेलं असेल. तेव्हा चीनला हसायचं कारण नाही.

मॅगीला दमा. लांब अंतर पोहताना त्रास व्हायचा, म्हणून ती छोट्या शर्यतींकडं वळली. टोकियोला अर्धं अंतर झालं तेव्हा आठांत ती सातवी होती. परतीच्या पन्नास मीटरांत तिनं एकेकीला मागं टाकलं आणि भिंतीला हात लावला तो सगळ्यांच्या आधी. दुसरी आली चीनचीच झांग युफेई, 55.64. दोघींत फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांचा. गंमत पुढंच आहे. मॅगीला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. शर्यत संपली तरी ती डोळे बारीक करून फळ्याकडं बघतेय, आपला नंबर कितवा ते हिलाच कळेना!

आता हिला निदान जवळचं तरी दिसत होतं. आपल्या नागपूरच्या कांचनमाला पांडेला जन्मापासून काहीच दिसत नाही. आणि मला वाटतं, त्या सातवीतल्या पोरीला सांगायची खरी गोष्ट हीच आहे.

कांचनमाला त्या वेळी नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला होती. 2017 च्या जुलैत जर्मनीत बर्लिनला अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा होती, तिथं ती गेली. मंजूर झालेले पैसे वेळेवर हातात पडले नाहीत आणि परक्या मुलखात तिच्यावर उसनवारीची, लोकांपुढं हात पसरायची वेळ आली. वर्तमानपत्रांनी ते छापलं, चार दिवस आरडाओरडा झाला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पंचनामा होतो, यादीत नाव येतं आणि पैसे येतात ते पुढचं पीक कापणीला आल्यावर. तशाही स्थितीत बर्लिनहून ती रौप्यपदक घेऊन आली. पुढची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मेक्सिकोत सप्टेंबरअखेरीस व्हायची होती, पण तिथं मोठा भूकंप झाला आणि ती डिसेंबरवर गेली. त्या डिसेंबरात कांचनमालानं 200 मीटर मिडलेत सुवर्णपदक मिळवलं. या अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई.

मिडले म्हणजे चारी प्रकारांचं पोहणं एकाच शर्यतीत, प्रत्येकी पन्नास मीटर. सुरुवात होते ती फुलपाखरानं. मग उताणं, मग बेडकासारखं, मग साधं.

न दिसणाऱ्यांची ही शर्यत कशी होते ते समजून घ्या. सगळ्याजणींच्या डोळ्यांवर काळे मिट्ट चष्मे असतात. कुणाला थोडा उजेड कळत असेल, कुणाला तोही नाही, तेव्हा सगळ्यांना सारखाच अंधार. तलावाच्या दोन्ही टोकांना प्रत्येकीचं एकेक माणूस लांब काठी घेऊन उभं असतं. काठीच्या टोकाला मऊ बोंडूक. पोहणारी भिंतीजवळ आली की डोक्याला किंवा पाठीला टपली द्यायची, म्हणजे तिनं ओळखायचं की आता भिंत आली, वळायचं. टपली क्षणभर उशिरा पडली तर हात नाहीतर डोकं भिंतीवर आपटतं, लवकर पडली तर वेळ जातो. साधं पोहताना एका हाताचा अंदाज बाजूच्या दोरीला घेता येतो. फुलपाखरात दोन्ही हात एकदम पसरलेले, अंग जरा तिरकं गेलं की दंड दोरीवरच्या प्लास्टिकच्या चकत्यांवर खरवडून निघतात. तरी सरळ जायचं, आणि भरधाव जायचं. रात्री दिवे गेल्यावर आपल्याच घरात उंबऱ्याला ठेच लागते आपल्याला.

पोरांचा विषय निघालाच आहे तर सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधवचंही नाव घेते. लहानपणी विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात कोपरापासून गेले. त्यानं 2018 साली जाकार्ताला अपंगांच्या आशियाई खेळांत सोनं जिंकलं, तेही 50 मीटर फुलपाखरात! दोन्ही हात एकदम फेकायचा हा प्रकार, आणि ते त्याला निम्मेच.

तेव्हा आजीबाईंना माझा निरोप सांगा. झेपायचं नाही हे तर निकालात निघालं. खांद्यांचं म्हणाल, तर डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन चढ चढणाऱ्या आणि वैरणीचा भारा एकटीनं उचलणाऱ्या पोरींच्या खांद्यांची काळजी आजवर कुणाला वाटली? खांदे रुंद झाले म्हणून आपल्यापैकी कुणाचं लग्न मोडलं? ती काळजी पाण्याजवळच कशी आठवते, हे मला कळत नाही.

पण पदकासाठी शिकवा असं मी म्हणत नाही. 2022 च्या मे महिन्यात इथून जवळच, डोंबिवलीच्या संदप गावात, पाणीटंचाई म्हणून एका घरातली माणसं खदाणीवर धुणं धुवायला गेली. एक मूल पाण्यात गेलं, त्याला काढायला दुसरं माणूस, त्याला काढायला तिसरं. दोन बाया आणि तीन मुलं, सगळी बुडाली. धुणं कोण धुतं? पाण्याच्या काठाला दिवसातून चार वेळा कोण जातं? बाईच ना! आणि पोहायला शिकवायचं मात्र जो काठाला कामासाठी कधी जात नाही त्याला. हा हिशेब कुठल्या शहाण्यानं मांडला कोण जाणे.

आता शिकवायचं कसं ते. फुलपाखरू विहिरीत कामाचं नाही, ते नंतर तलावात. जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात तलाव असला तर क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारा, मुलींची वेळ वेगळी असते का तेही विचारा. विहिरीत आधी उताणं पडून तरंगायला शिकवा. नाक वर ठेवून पाचेक मिनिटं पडून राहता आलं की निम्मं शिक्षण झालं. मग बेडकासारखं. पायऱ्यांची विहीर निवडा, मोटारीची वीज पार तोडल्याशिवाय पाण्यात पाय घालू देऊ नका. कमरेला दोर, पाठीला भोपळा किंवा रिकामा बंद डबा, आणि शेजारी पोहणारं जाणतं माणूस. अंगात पंजाबी पायजमा-सदरा चालेल, ओढणी नको. पातळ तर नकोच, भिजलं की पायांना वेटाळतं. कुणी बुडताना दिसलं तर उडी टाकायची घाई नको, हेही तिला आताच सांगा. दोर, बांबू, लुगड्याचं टोक, हाताला येईल ते फेकायचं आणि काठावर पालथं पडून ओढायचं.

आणि बाई, तुमच्या मुलालाही त्या शेततळ्यात डुंबू देऊ नका. खाली प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्यावर शेवाळ धरतं, उतार असा की पोहणाऱ्यालाही पाय रोवून वर येता येत नाही. शिकायला ती जागा नव्हे, मुलालाही नव्हे आणि मुलीलाही नव्हे. भोवती कुंपण घाला. समोरासमोरच्या दोन काठांना मजबूत खुंट ठोका आणि हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्याच्या तळापर्यंत सोडून ठेवा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून दोराला बांधून पाण्यात तरंगती ठेवा. उन्हानं दोर कुजतो, तेव्हा दर दोन महिन्यांनी तो दोघांनी मिळून जोरानं ओढून बघा.