न रडणाऱ्याजवळ बसा

देवदास म्हटलं की सिनेमातला सैगल, दिलीपकुमार नाहीतर शाहरुख डोळ्यांपुढे येतो. बंगाली लेखक शरदबाबूंची १९१७ साली छापून आलेली मूळ कादंबरी मात्र फारसं कुणी उघडत नाही. मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. मला त्या कादंबरीतला जो प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो देवदासच्या आयुष्यातल्या दोघींपैकी ना पारोचा आहे ना चंद्रमुखीचा.

वडील वारल्यावर देवदास घरी येतो. कलकत्त्यात दारू सुरू झालेलीच असते. थोरला भाऊ द्विजदास आक्रोश करतो, लोक त्याच्याभोवती गोळा होतात. देवदास खांबाला टेकून गप्प, डोळ्यांत टिपूस नाही. कुणी समजूत घालायला आलंच, तर तो भावाकडे बोट दाखवतो. पुढे वाटणी होते, आई काशीला जाते, आणि हातात पैसा खेळणारा हा मुलगा पुन्हा बाटलीकडे वळतो.

हा प्रसंग मी आजही घराघरांत बघते. दारू सुटलेला मुलगा वडिलांच्या दहाव्याला गावी जातो. मंडप, आचारी, गुरुजींची दक्षिणा सगळं तोच बघतो. नातेवाईक म्हणतात, "पोरगा खंबीर आहे हो!" रात्री त्यांच्यातलाच एखादा ग्लास पुढे करतो, "आज तरी घे, मन हलकं होईल." मन हलकं होत नाही, व्यसन मात्र परततं. मग तेच नातेवाईक म्हणतात, "हा सुधारणाऱ्यातला नव्हताच." मला हा शुद्ध अन्याय वाटतो. दुःख त्याचं होतं, पण ग्लास आपण दिला होता.

कादंबरीच्या शेवटी शरदबाबू वाचकांना विनवतात की, मरताना तरी माणसाला मायेचा एक हात लाभावा. माझं म्हणणं एवढंच, की हा हात त्याला मरणाच्या कितीतरी आधी लाभायला हवा. दुःखाच्या घरी जाल तेव्हा जो रडत नाही, त्याच्याजवळ बसा. गेलेल्या माणसाबद्दल त्याला बोलतं करा. कार्याचे हिशेब दुसऱ्या कुणाकडे द्या. रात्री त्याला एकटं सोडू नका. आणि तो प्यायलाच, तर घालूनपाडून बोलू नका, दुसऱ्याच दिवशी उपचाराला न्या. त्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.