मंजुरी कोणाची आणि पैसा कोणाचा?

ता. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीड शहरांतून अहिल्यानगरकडे उतारूंची पहिली आगगाडी सुटली. ही मागणी ज्यांनीं तरुणपणीं केली त्यांतील कित्येक हा दिवस पाहण्यास राहिले नाहींत. अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५-९६ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हां त्याचा खर्च सुमारें ३५३ कोटि रुपये धरला होता. तीस वर्षांनीं तो आंकडा ४,८०० कोटींच्या घरांत गेला, आणि बीडास गाडी आली त्या दिवशींही ती परळीस पोंचली नव्हतीच. जमीन तीच, डोंगर तेच, नद्या त्याच. मधली तीस वर्षें मात्र कोणीतरी खाल्लीं. तीं कोणी खाल्लीं हें विचारण्याची हीच वेळ आहे, कारण एकदां गाडी आली म्हणजे हारतुऱ्यांच्या व फटाक्यांच्या धुमाळींत असले प्रश्न विचारणारा मनुष्य अपशकुनी ठरतो.

जमिनीचें संपादन रखडलें, सामानाचे भाव चढले, हीं कारणें सरकारी उत्तरांत नेहमीं येतात व तीं सर्वस्वीं खोटीं नाहींत. परंतु आमच्या मतें मुख्य कारण निराळें आहे. लोहमार्ग बांधण्यास दहा-बारा वर्षें लागतात आणि रेल्वेचा मंत्री सरासरीनें दोन वर्षेंही टिकत नाहीं, असा पुष्कळ काळ आपल्या देशानें पाहिला आहे. बीडचा मार्ग मंजूर झाला तेव्हां जाफर शरीफ यांची कारकीर्द चालू होती किंवा संपत आली होती. त्यानंतर पासवान, नितीशकुमार, कांहीं आठवड्यांपुरते राम नाईक, ममता बॅनर्जी, पुन्हां नितीशकुमार, लालूप्रसाद, पुन्हां ममताबाई असे एकामागून एक त्या खुर्चीवर आले. पुढें जुलै २०११ पासून नोव्हेंबर २०१४ पर्यंतच्या चाळीस महिन्यांत तर हें खातें आठ वेळां नव्या हातांत गेलें. त्यांतील सी. पी. जोशी हे दोनदां आले, आणि दोन्ही खेपा मिळून त्यांचा मुक्काम अडीच महिन्यांपलीकडे गेला नाहीं. एवढ्या अवधींत मनुष्यास आपल्या कचेरींतील कारकुनांचीं नांवेंही पाठ होत नाहींत. मग कोणत्या मार्गाचें कोणतें काम कोठें अडलें आहे हें त्यास कसें कळावें?

हें यंत्र कसें चालतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मार्गास मंजुरी मिळाली म्हणजे त्याचें नांव रेल्वेच्या कामांच्या गुलाबी पुस्तकांत, ज्यास 'पिंक बुक' म्हणतात त्यांत, चढतें. नांव चढविण्यास शाईपलीकडे खर्च नाहीं. पैसा मात्र दर वर्षीं निराळा मागावा लागतो, आणि तो मागण्याची पाळी येते तोंवर मंजुरी देणारा बहुधा दुसऱ्या खात्यांत किंवा विरोधी बांकांवर गेलेला असतो. मंजुरीचें श्रेय पहिल्याचें, खर्चाचें ओझें दुसऱ्याचें. दुसऱ्यासही आपल्या नांवाची कोनशिला हवी असते. म्हणून तो जुन्या कामास नांवापुरती रक्कम देऊन जिवंत ठेवतो आणि आपल्या नव्या कामास मंजुरी देतो. दक्षिणेंतील कांहीं मार्गांच्या नांवापुढें अलीकडच्या वर्षांत केवळ एक हजार रुपये अशी तरतूद छापलेली लोकांनीं पाहिली आहे. एक हजार रुपयांत लोहमार्ग होत नाहीं, पण काम रद्द केलें असेंही म्हणतां येत नाहीं. काम मारावयाचें नाहीं व जगूंही द्यावयाचें नाहीं, अशी ही युक्ति आहे.

हा आमचा तर्क नव्हे. जुलै २०१४ मध्यें रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनीं लोकसभेंत स्वतःच हा हिशेब मांडला. मागील तीस वर्षांत ६७६ कामें मंजूर झालीं. त्यांपैकीं ३१७ पुरीं झालीं. उरलेल्या ३५९ कामांस आणखी १,८२,००० कोटि रुपये लागणार होते. मागील दहा वर्षांत ९९ नवे मार्ग मंजूर झाले, आणि त्यांतील पुरा झालेला मार्ग एक! पुढील वाक्य बोलण्यास सदानंद गौडा यांस फार दिवस मिळाले नाहींत. नोव्हेंबरांत त्यांचेंही खातें बदललें.

बाजारपेठेंत वावरणाऱ्या आमच्या वाचकांनीं आपल्या व्यवहारावरून याचा विचार करावा. एखाद्या पेढीचा एक भागीदार गेला व दुसरा आला, आणि नव्या भागीदारानें जुन्या हुंड्या 'त्या माझ्या नव्हेत' म्हणून परत केल्या, तर त्या पेढीस बाजारांत कोणी उभें करील काय? हुंडी पेढीची असते, भागीदाराची नसते. आपल्या राज्यकारभारांत मात्र घर फिरलें म्हणजे घराचे वासेही फिरतात, आणि या वाशांच्या भरवशावर ज्यानें जिनिंगचा कारखाना घातला किंवा स्टेशनाजवळ वखारीसाठीं जागा घेतली तो मधल्या मध्यें बुडतो. बीड जिल्ह्यांतून दर हंगामास हजारों कुटुंबें उसाच्या तोडणीसाठीं घरदार सोडून जातात. त्या जिल्ह्यांत उद्योग कां येत नाहींत याचें एक उत्तर या तीस वर्षांत आहे.

खांदेपालटाचा प्रताप पाहावयाचा असल्यास मार्च २०१२ मधील आठवडा आठवावा. ता. १४ रोजीं दिनेश त्रिवेदी यांनीं रेल्वेचें अंदाजपत्रक मांडलें आणि वर्षानुवर्षें न वाढलेलें उतारूंचें भाडें किलोमीटरमागें कांहीं पैशांनीं वाढविण्याचें सुचविलें. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीनें त्याच सुमारास सांगितलें होतें कीं, उतारूंच्या सुरक्षिततेसाठीं पांच वर्षांत एक लाख कोटि रुपये खर्चिले पाहिजेत. तो पैसा कोठूनतरी यावयास हवा होता. त्रिवेदी यांच्यावर विरोधकांनीं टीका केली तर तें समजण्यासारखें आहे. येथें त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनीं त्यांस काढण्याची मागणी केली. चार दिवसांत त्यांचा राजीनामा गेला, मुकुल रॉय आले, आणि ता. २२ रोजीं बहुतेक वर्गांची भाडेवाढ रद्द झाली. भाडें वाढवावें कीं नाहीं यावर प्रामाणिक मतभेद असूं शकतो. गरीब उतारूच्या खिशाची काळजी आम्हांसही आहे. पण येथें त्या प्रश्नाचा निकाल युक्तिवादानें लागलाच नाहीं. पक्षाच्या मर्जीनें लागला. सुरक्षिततेसाठीं एक लाख कोटींचा निराळा कोश स्थापन होण्यास २०१७ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांत झालेल्या अपघातांचा हिशेब कोणत्या पक्षाच्या खातीं मांडावयाचा?

या दुखण्यावर औषध पूर्वीं कोणास सुचलें नव्हतें असें नाहीं. १९२१ सालच्या ॲक्वर्थ समितीनें, रेल्वेसारखा लांब पल्ल्याचा धंदा दर वर्षाच्या सरकारी जमाखर्चास जखडूं नये, असें सांगितलें आणि १९२४ सालीं रेल्वेचा जमाखर्च निराळा झाला. त्या इंग्रजी सरकारचा हेतु हिंदी प्रजेचें कल्याण हाच होता असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं; तथापि तत्त्व खरें होतें. स्वराज्यांत त्याच निराळ्या अंदाजपत्रकाचा तमाशा झाला. कोणत्या प्रांतास किती नव्या गाड्या, हें दर फेब्रुवारींत वाचून दाखविण्याचें तें व्यासपीठ बनलें. २०१५ सालीं सुरेश प्रभु यांनीं एकही नवी गाडी जाहीर न करतां अंदाजपत्रक मांडलें तेव्हां सभागृहास चुकल्याचुकल्यासारखें झालें, यावरून संवय किती मुरली होती तें दिसतें. २०१७ पासून हें निराळें अंदाजपत्रकच बंद झालें. त्यानंतर रेल्वेस सरकारी तिजोरींतून मिळणारा भांडवली पैसा पुष्कळ वाढला, २०२३-२४ सालीं तो २ लाख ४० हजार कोटींवर गेला, आणि २०१७ नंतर मंत्रीही पूर्वींच्या मानानें अधिक काळ टिकले. हें श्रेय ज्याचें त्यास दिलें पाहिजे. बीडची गाडी याच काळांत आली. पण हें सर्व एका सरकारच्या स्थैर्यावर उभें आहे. सरकार डळमळलें तर काय, या प्रश्नास कायद्यांत अद्याप उत्तर नाहीं.

उत्तर एकदां सांपडलें होतें, आणि तें आमच्याच कोंकणांत. कोंकणच्या आगगाडीची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. कोंकणचेच स. का. पाटील १९६४ ते १९६७ रेल्वेमंत्री होते. १९६६ पर्यंत गाडी दिव्याहून आपट्यापर्यंत गेली व तेथें थांबली. ती आपट्याहून रोह्यास नेण्याचें काम मधु दंडवते यांच्या कारकीर्दींत १९७८ सालीं हातीं घेण्यांत आलें. १९७९ सालीं तें सरकार पडलें आणि रोहें गांठण्यास १९८६ उजाडलें. साठ-बासष्ट किलोमीटरांस आठ वर्षें! दंडवत्यांनीं दुसऱ्या वर्गाच्या लांकडी बांकांवर दोन इंचांची गादी घातली, तेवढी मात्र कोणत्याही फेरबदलांत कोणास काढतां आली नाहीं.

डिसेंबर १९८९ मध्यें जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री झाले. याच फर्नांडिसांनीं १९६७ सालीं दक्षिण मुंबईंत स. का. पाटलांस पाडलें होतें व १९७४ सालीं रेल्वेचा देशव्यापी संप चालविला होता. दैवाचा विनोद कोठें कसा उमटेल सांगवत नाहीं. आपलें सरकार फार दिवस चालणार नाहीं हें त्यांस कळत असावें. त्यांनीं नेहमींप्रमाणें गुलाबी पुस्तकांत नांव चढवून कोनशिला बसविली असती तर तीही इतर शिळांप्रमाणें गवतांत बुडाली असती. त्यांनीं ता. १९ जुलै १९९० रोजीं कंपनी कायद्याखालीं कोंकण रेल्वे महामंडळ नोंदविलें. भांडवलाचा ५१ टक्के हिस्सा केंद्राचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६ टक्के. उरलेला पैसा रोखे विकून उभारावयाचा. आणि प्रमुख म्हणून इ. श्रीधरन यांच्यासारखा इंजिनियर. ता. १५ सप्टेंबरास रोह्यास पायाचा दगड बसला. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहींत तोंच सरकार पडलें.

येथें आमच्या वकिली पेशाचा एक सिद्धांत वाचकांस सांगतों. कंपनी ही कायद्यानें निर्माण केलेली व्यक्ति आहे. भागीदार मेले, संचालक गेले, तरी ती मरत नाहीं. तिचें कर्ज फिटेपर्यंत तें कर्ज राहतें व तिचा करार पुरा होईपर्यंत तो करार राहतो. मंत्र्याच्या मर्जीवर लोंबकळणारें काम फर्नांडिसांनीं या न मरणाऱ्या व्यक्तीच्या स्वाधीन केलें, हें त्यांचें खरें कर्तृत्व. पुढील साडेसात वर्षांत देशानें सहा पंतप्रधान पाहिले. गोव्यांत मार्ग कोठून न्यावा यावर १९९३ सालीं एवढें रान उठलें कीं, तेथील काम कांहीं काळ थांबवून माजी न्यायमूर्ति ओझा यांचा आयोग नेमावा लागला. तरीही नव्वदांवर बोगदे व दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल बांधून, ता. २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारें ७४० किलोमीटरांचा संबंध मार्ग खुला झाला. बीडच्या २६१ किलोमीटरांशीं ही तुलना वाचकांनींच करावी.

या उपायाची किंमत लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. कर्जाचें व्याज कोंकणी उतारूनें भरलें. प्रत्यक्षापेक्षां जास्त अंतर धरून त्याच्याकडून भाडें घेण्यांत येत होतें. मार्ग दुहेरी करण्यास महामंडळाजवळ पैसा उरला नाहीं, आणि मे २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनेंही त्याच्या रेल्वेंतील विलीनीकरणास संमति दिली. प्रत्येक मार्गास निराळें महामंडळ काढा असें म्हणूनच आमचें म्हणणें नाहीं.

मुंबईच्या मंत्रालयासही या दोषांतून मोकळें सोडतां येत नाहीं. बीडच्या मार्गाचा अर्धा खर्च राज्यानें द्यावयाचा ठरला होता, म्हणजे एका खुर्चीऐवजीं दोन खुर्च्यांच्या फेरबदलांशीं गांठ पडली. मुंबई–अहमदाबाद जलद गाडीचा पाया सप्टेंबर २०१७ मध्यें घातला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्यें राज्यांत सरकार बदललें आणि महाराष्ट्रांतील जमिनीचें काम मंदावलें. २०२२ च्या जूनअखेरीस पुन्हां सरकार बदललें आणि अडलेल्या परवानग्या जुलैंतच मिळाल्या. ती गाडी हवी कीं नको याविषयीं मतें निरनिराळीं असतील. नको असेल तर विधिमंडळांत तसा ठराव करून ती नाकारावी. अडवून ठेवणें हा नकारही नव्हे आणि होकारही नव्हे.

आमची मागणी एवढीच आहे कीं, यापुढें कोणत्याही मार्गास मंजुरी देतांना कोणत्या वर्षीं किती रक्कम द्यावयाची याची मुदतबंद यादी त्याच ठरावांत यावी व ती संसदेनें मंजूर करावी. नव्या मंत्र्यास ती यादी बदलण्याचा अधिकार असावा. लोकांनीं निवडलेल्या सरकारचा तो हक्क आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यानें कारणें लेखीं देऊन सभागृहाची संमति घेतली पाहिजे. मंजूर रक्कम ३१ मार्चच्या मध्यरात्रीं बुडूं नये, पुढील वर्षासाठीं त्याच कामाच्या खातीं राहावी. राज्याचा हिस्साही अशाच निराळ्या खात्यांत आगाऊ जमा व्हावा. हें सर्व होण्यास व्यापारी मंडळांनीं व नगरपालिकांनीं खासदाराकडे शिष्टमंडळ नेतांना आपली भाषा बदलली पाहिजे. 'आमच्या गांवास नवा मार्ग मंजूर करून द्या' असा अर्ज केला कीं मंत्री तो आनंदानें देतो, कारण त्यास कांहींच पडत नाहीं. मंजूर मार्गावर गेल्या वर्षीं किती रुपये खर्च झाले व पुढील वर्षीं किती होणार, हें लेखीं मागावें.

बीड ते परळी हा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्यें पुरा झालेला नव्हता. त्याच्या नांवापुढें प्रत्येक अंदाजपत्रकांत कोणता आंकडा पडतो व वर्षअखेर त्यांतील किती खर्च होतो, तो पुरा होईपर्यंत आम्ही या स्तंभांत छापीत राहूं.