भांडण नको, उत्तर छापा

वऱ्हाडातल्या मतदार मंडळींनो आणि अमरावती-अकोल्याच्या पत्रकार मित्रांनो,

२०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान तोंडावर आलं होतं आणि कॅमेरे सगळे अमरावतीच्या सायन्स कोअर मैदानाकडे वळले होते. मैदान बच्चू कडूंच्या प्रहार पक्षानं सभेसाठी घेतलेलं, तिथंच अमित शहांची सभा ठरली, आणि कडूंची पोलिसांशी झालेली बाचाबाची राज्यभर गाजली. बातमी होतीच ती, दाखवायलाच हवी होती. पण आता आठवून सांगा, त्या निवडणुकीत कापसाच्या भावावर अमरावतीच्या उमेदवारांपैकी नवनीत राणा काय म्हणाल्या? बळवंत वानखडे काय म्हणाले? दिनेश बूब? मैदानाचं भांडण मात्र अजून सगळ्यांना पाठ आहे. अकोल्यातही तीच गत. अनुप धोत्रे, डॉ. अभय पाटील आणि प्रकाश आंबेडकर अशी तिरंगी लढत, आणि पानटपरीपासून स्टुडिओपर्यंत चर्चा एकच, कोण कोणाची मतं खाणार.

निवडणूक आली की चॅनलवाले चौकात मंच टाकतात. अँकर खारपाणपट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्याचं विचारतो, उमेदवार तोंड उघडतो न उघडतो तोच समोरचे कार्यकर्ते घोषणा सुरू करतात, कोणीतरी खुर्ची उचलतो. संध्याकाळी मोबाईलवर चाळीस सेकंदांची क्लिप येते, ‘भर कार्यक्रमात राडा’. पाणी गेलं वाहून. ज्याच्याजवळ उत्तर नव्हतं, त्याच्या पथ्यावरच पडलं म्हणा ना.

देशपातळीवर तरी वेगळं काय झालं? मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला, चर्चा काही झाली नाही. अमेरिकेत २७ जून २०२४ ला बायडन-ट्रम्प समोरासमोर आले, तेव्हा सभागृहात प्रेक्षक नव्हते आणि एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माईक बंद होता. बातम्यांत तरीही बायडन कसे अडखळले तेवढंच उरलं, ही गोष्ट वेगळी. पण माईक बंद ठेवायचा नियम आपल्याकडे उद्या आणता येतो. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

म्हणून संपादकांना कळकळीची विनंती आहे. आचारसंहिता लागायची वाट पाहू नका, प्रश्न आताच ठरवा. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की कापसाची गाडी परत फिरते; मग पहिल्या वेच्याचा ओला कापूस शेतकऱ्यानं व्यापाऱ्याच्या घशात घालायचा का? २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि वर्षअखेरपर्यंत तसंच ठेवलं. त्याला तुमचा पाठिंबा होता की विरोध? हे प्रश्न प्रत्येक उमेदवाराला सारख्याच शब्दांत विचारा. उत्तरं शेजारी-शेजारी छापा. ज्यानं टाळलं, त्याच्या नावापुढं ‘उत्तर दिलं नाही’ एवढंच लिहा आणि जागा कोरी सोडा. ‘कोणी मैदान मारलं’ हा मथळा निकालाच्या दिवसासाठी ठेवा.

पॅकेज घेऊन मुलाखती छापणाऱ्यांना मी काही सांगत नाही; २००९ च्या विधानसभा निवडणुकीपासून त्यांची कीर्ती महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाचकांनी मात्र एक करावं. बातमीच्या वेषातली जाहिरात दिसली, तर कात्रण घेऊन थेट जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी.

आणि राड्याची क्लिप आली तर पुढं ढकलू नका. गावच्या ग्रुपवर एवढंच विचारा, ‘पूर्ण रेकॉर्डिंग कुठं आहे?’ तुमच्या गावचा एक प्रश्न कागदावर लिहून या आठवड्यातच तुमच्या पेपरच्या तालुका प्रतिनिधीच्या हातात द्या. तो कधी छापणार, तेही तिथंच विचारून घ्या.