थरथरणारी पिकअप आणि आपली जबाबदारी

चौक फाट्यापर्यंत गाडी गप्प. हायवेला लागून काटा सत्तरच्या पुढे गेला की थरथर सुरू! कर्जत-खालापूरच्या कित्येक पिकअपवाल्यांचं हेच रडगाणं. गॅरेजवर पहिला सल्ला ठरलेला, 'अलाइनमेंट करा.' मी दोनदा केली. पैसे गेले, थरथर तशीच.

मित्रांनो, अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. ठराविक स्पीडलाच थरथर येत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग, रिम आणि टायर तपासा. स्टेअरिंग हलतंय? पुढची चाकं बघा. सीट आणि खालचा पत्रा हलतोय? मागची चाकं नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. फक्त ब्रेक दाबल्यावर? डिस्क, ड्रम. उभ्या गाडीत तेवढीच रेस देऊन काही हललं नाही, तर इंजिनला उगाच दोष देऊ नका.

माझ्या गाडीची पुढची रिम वाकलेली निघाली. खड्ड्यांची कृपा!

खड्ड्यांचा जाब प्रशासनाला विचारायलाच हवा, आणि आपण विचारूच. पण टायरला फुगवटा दिसतोय, तरी वाशी मार्केटचा लोड भरून निघायचं, हा दोष कुणाचा? तो टायर हायवेवर फुटला तर शेजारून जाणाऱ्या बाईकवाल्याचा जीव जाईल.

एक खेप चुकली तरी चालेल. लोड भरण्याआधी जॅक लावा, चाक फिरवून बघा, टायरच्या आतल्या बाजूनेही हात फिरवा.

पटलं तर आपल्या पिकअपवाल्या मित्रांपर्यंत पोचवा.