वाट मोकळी करणारे

दुसऱ्या महायुद्धात आमचे आजोबा खडकीच्या रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर दलातले जवान, होते. घरात मात्र त्यांची लढाई ‘तिकडं रस्ते करत होते’ एवढ्यावर मिटायची. भाऊबंदांपैकी काहीजण मराठा पलटणीत होते. त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी पारावर रंगायच्या. आजोबांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

त्यांच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आणि पदकं होती. वाळूच्या रंगाची फीत, मधोमध लाल पट्टा, दोन्हीकडं एकेक निळी रेघ आणि खाली सहा टोकांचा तारा: हा आफ्रिका स्टार. ताऱ्याच्या पाठीवर त्यांचा नंबर आणि नाव ठोकलेलं. डिस्चार्ज बुकात गाव, तहसील, अंगावरच्या खुणा आणि २१ फील्ड कंपनी.

आजोबांच्या युद्धाचा शोध घेताना हा कंपनीचा क्रमांक फार मोलाचा. साध्या जवानाचं नाव युद्धाच्या कागदांत क्वचितच सापडतं, कंपनीचा माग मात्र लागतो. कंपन्यांच्या वॉर डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. तारीख, ठिकाण, दिवसभराचं काम. अधिकाऱ्यांची नावं येतात. जवान बहुधा आकड्यांत येतात.

२१ फील्ड कंपनीचा माग काढू लागलं की पहिलं नाव भेटतं ते सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांचं. १९४१च्या जानेवारीअखेर इटालियन फौज सुदानच्या सीमेवरच्या मेतेम्माहून मागं हटली आणि जाताना वाटेत सुरुंग पेरत गेली. पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या आघाडीला भगत होते. चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, ५५ मैलांच्या टापूत त्यांनी १५ ठिकाणचे सुरुंग शोधून काढून घेतले. त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते हटले नाहीत. या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. तो मान सर्वस्वी त्यांचा. पण त्यांच्या हुकमावर गुडघे टेकून, माती बोटांनी बाजूला सारत सुरुंग मोकळा करणारे सॅपरही होते. ज्याची चूक दुसऱ्यांदा होऊच शकत नाही, असं ते काम.

आजोबांच्या ट्रंकेतली दुसरी फीत इटली स्टारची. १९४४च्या मार्चमध्ये इटलीतल्या कसिनोच्या मठामागच्या डोंगरात खेचरांची पायवाट रुंद करून तिच्यावरून रणगाडे चढवले गेले. भारतीय आणि न्यूझीलंडच्या इंजिनिअरांनी केलेली ही वाट ‘कॅव्हेंडिश रोड’ म्हणून ओळखली जाते. शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, तोफांच्या माऱ्यात पहार आणि फावडं चालवणं ही लढाईच आहे. पायदळाला आणि रणगाड्यांना पुढं सरकता यावं म्हणून सॅपर त्यांच्याही आधी मरणाच्या तोंडी उभा राहतो. आमच्या घरानं हे फार उशिरा जाणलं.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडं अशा ट्रंका अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर असतील. पदकं मोडीत घालू नका. त्यांच्यावरचा नंबर आणि डिस्चार्ज बुकातला कंपनीचा क्रमांक उतरवून घ्या. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. घरात नव्वदीतलं कुणी असेल तर आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. युद्धाच्या कागदांत ज्यांची नुसती संख्या आहे, त्यांची नावं आणि त्यांचं काम लिहून ठेवणं आपल्याच हातात आहे.