लाल रंग कोठे जातो?

2023 च्या डिसेंबरात मालवणच्या समुद्रात मी पहिल्यांदा डिजिटल कॅमेरा घेऊन उतरलो. सात-आठ मीटर खोलीवर काढलेली चाळीसेक छायाचित्रे त्या रात्री संगणकावर उघडली, तेव्हा सर्वांवर शेवाळी रंगाची एकच कळा पसरलेली होती. सोबत्याच्या मनगटावरचा लाल दोरा चित्रात काळपट तपकिरी झाला होता. प्रथम मी कॅमेऱ्याला दोष दिला. पण पाण्याखाली असताना तो दोरा मला तरी लाल दिसला होता काय, हा प्रश्न नंतर पडला आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देता येईना.

कारण साधे आहे. पाणी प्रकाशातील लाल भाग सर्वांत आधी शोषून घेते. पहिल्या काही मीटरांतच लाल फिका पडतो, पाठोपाठ नारिंगी आणि पिवळा. उरतो तो निळा, किंवा आपल्या कोकणासारख्या जैवकणांनी भरलेल्या पाण्यात हिरवा. डोळ्यांमागचा मेंदू ही तूट काही अंशी भरून काढतो. दोरा लाल आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. कॅमेऱ्याला अशी पूर्वस्मृती नसते. विशेष म्हणजे हा नियम केवळ खोलीला लागू नाही. प्रकाश पाण्यातून एकूण जितका प्रवास करतो, तितका तो झिजतो. म्हणून विषय आणि भिंग यांच्यातील अंतरही त्यात मोजावे लागते. त्यातच अपवर्तनामुळे पाण्याखालची वस्तू प्रत्यक्षाहून जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. नवशिक्याला वाटते आपण माशाजवळ आहोत. वस्तुतः तो दूरच असतो, आणि मधले सारे गढूळ पाणी चित्रात येते.

जवळ जा, हा या कलेचा पहिला धडा होय. उपकरणांची चर्चा त्यानंतरची. पंधरा मीटरपर्यंत पाणी सोसणारा छोटा कॅमेरा, किंवा साध्या कॅमेऱ्यावर बसणारे जलरोधक हाउसिंग, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. हाउसिंगच्या ओ-रिंगवर एक केस अडकला तरी पाणी आत शिरते. तेव्हा पहिल्या दिवशी कॅमेरा न घालता, आत टिपकागदाचा तुकडा ठेवून ते बादलीत बुडवून पाहावे. कॅमेऱ्यावरचा अंगचा फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो भिंगासमोरचे तरंगते कण उजळतो आणि चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात. बाजूला लांब दांड्यांवर बसवलेले दिवे हा त्यावरचा उपाय. पण ते ओझे पहिल्या हंगामात कशाला? त्याऐवजी पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स जुळवावा, आणि खोली बदलली की पुन्हा जुळवावा.

अंधाराशी झालेला हा झगडा जुना आहे. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूतां याने 1893 मध्ये बान्यूल्सच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली छायाचित्रे घेतली. 1926 मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाच्या समुद्रात पहिली रंगीत छायाचित्रे टिपली, ती तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून. एका माशाच्या रंगासाठी समुद्रावर स्फोट! पुढे फिल्मच्या काळात छत्तीस चित्रे संपली की पाण्यात रीळ बदलता येत नसे, आणि चूक कळायची ती धुलाईनंतर. डिजिटल कॅमेऱ्याने चूक पाण्याखालीच दाखवली. शिक्षक म्हणून मला हे त्याचे सर्वांत मोठे देणे वाटते.

परंतु त्याच सोयीने एक मोहही आणला आहे, आणि माझा खरा मुद्दा तो आहे. हरवलेला रंग आता घरी बसून परत आणता येतो. 2019 मध्ये डेर्या अक्काय्नाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी मांडलेली सी-थ्रू ही गणनपद्धती तर प्रत्येक बिंदूचे अंतर हिशेबात घेऊन चित्रातील पाण्याचा परिणाम काढून टाकते. प्रवाळ जमिनीवर ठेवल्यासारखे दिसते. प्रवाळांची गणना करणाऱ्या अभ्यासकाला याचा उपयोग आहे, त्याविषयी वाद नाही. पण आपण हौशी लोक तेच ‘खरे’ चित्र म्हणून मिरवू लागतो तेव्हा मला एखाद्या कादंबरीतील मालवणी संवाद प्रमाण मराठीत उतरवून देणाऱ्या संपादकाची आठवण होते. अर्थ सगळा कळतो. मात्र ते माणूस बोलत होते कोठे, हे निघून जाते. त्या खोलीवर, त्या पाण्यात, तो दोरा कोणालाही लाल दिसत नव्हता. मग त्याचा लाल हा शोध, की आपण घातलेली भर? थोडी दुरुस्ती मीही करतो. आपल्या डोळ्यांना दिसले होते तेथवर. त्यापलीकडे नाही. ही रेषा धूसर आहे हे मान्य.

दुसरा मोह अधिक घातक. शेजारीच काही पर्यटकांची डुबकी चालली होती आणि त्यांच्या चित्रफितीत मासे यावेत म्हणून पावाचे तुकडे सोडले जात होते. काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा मिनिटभरात जमला. चित्र भरगच्च आले असणार. एक गृहस्थ तर स्थिर राहण्यासाठी प्रवाळ धरून उभे होते, आणि त्यांच्या पायांच्या वल्ह्यांनी उडालेला गाळ सर्वांच्याच चित्रांत गेला. 1987 पासून मालवणचा हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. चार दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करूनही कॅमेरा हातात येताच मी श्वासाचा ताल विसरलो, वर-खाली हेलकावत राहिलो आणि एकदा गुडघा खडकावर घासला. होडीत आल्यावर सोबतचा तरुण मार्गदर्शक म्हणाला, “सर, आधी पाण्यात गप रवाक शिका. फोटो मगे.”

2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा पहिल्या दोन डुबक्यांना कॅमेरा होडीतच ठेवला. तिसऱ्या वेळी एका समुद्रफुलासमोर वीतभर अंतरावर, कशालाही न धरता, दहा मिनिटे थांबलो. पाच चित्रे आली. चार हललेली आहेत. पाचव्यात समुद्रफुलाचे हातपाय हिरवट राखाडी आहेत, आणि ते मी तसेच ठेवले आहेत.